आधी बॅटरीची वायर

अहेरीहून आलापल्लीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं आणि घराच्या पुढे गॅरेज. मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकाची पडवी, पुढे पत्रे घातलेली मोकळी जागा, तिच्या कडेला हत्यारांची लाकडी पेटी. मी शाळेत मराठी शिकवत होते, माझे पती गाड्या दुरुस्त करत. गावात सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. इथे मीही तेच म्हणणार आहे. घरात मी त्यांना कोणत्याच नावानं हाक मारली नव्हती, आणि आता ते नसताना नवीन नाव शोधणं बरं दिसत नाही.

घरात आम्ही हिंदी बोलायचो, उर्दू शब्द मिसळलेली. गॅरेजमध्ये मात्र मिस्त्री माझ्याशीसुद्धा मराठीतच बोलत, तीही इथल्या बाजारातली. गिऱ्हाइकासमोर घरची भाषा काढली की त्याला वाटतं, आपल्या गाडीबद्दल हे काहीतरी लपवून राह्यले, असं त्यांचं म्हणणं होतं.

चंद्रपूरच्या एका उस्तादांकडे ते काम शिकले, मग काही वर्षं कोरपन्याकडे ट्रकांवर काढली आणि आमच्या लग्नानंतर अहेरीत आले. तेव्हा इथे जीपगाड्या जास्त, त्याही डिझेलच्या. त्याशिवाय लाकडाचे ट्रक आणि धानाच्या गिरण्यांची इंजिनं. दोष ओळखायची त्यांची रीत एकच होती. इंजिन चालू ठेवायचं, हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घ्यायचा, त्याचं लोखंडी टोक इंजिनाला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. मग डोळे मिटायचे. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पेचकस सरकवत जायचा आणि एका ठिकाणी थांबायचा. तिथेच दोष असायचा. लोक म्हणत, मिस्त्री रस्त्याच्या पलीकडून गाडी ऐकून सांगतो. हे थोडं वाढवून सांगितलेलं होतं, पण अगदी खोटं नव्हतं. जेवताना ते मध्येच चावायचे थांबत आणि रस्त्यावरून कोणाची जीप गेली ते सांगत. मी उठून पाहायला जायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

दुसरी एक सवय याहून जुनी होती. कोणतीही गाडी आली की आधी बॅटरीची वायर काढायची. उस्तादांच्या गॅरेजमध्ये एकदा हातातला पाना भलत्या ठिकाणी टेकला, ठिणगी उडाली आणि खाली सांडलेल्या पेट्रोलनं पेट घेतला. जीप गेली, उस्तादांचा डावा हात भाजला. त्यानंतर त्या गॅरेजचा तो कायदाच झाला, आणि मिस्त्रींनी तो सोबत इथे आणला. ते बोनेट उघडत, मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणत, बॅटरीचा नट सैल करत, वायर बाजूला करून तिच्यावर फडकं ठेवत, आणि मगच इंजिनाला हात लावत. ऐकायची वेळ आली की वायर परत लावून इंजिन सुरू करत. पाहून पाहून तालुक्यातले सगळे ड्रायव्हर हे शिकले. गाडी आणली की मिस्त्री जागेवरून उठायच्या आत ते स्वतःच बोनेट उघडून वायर काढून ठेवायचे. "मिस्त्री, वायर काढली," हे आमच्याकडे नमस्कारासारखं होतं.

त्यांना ऐकू कमी येतं हे मला शिंप्यामुळे कळलं.

रस्त्याच्या पलीकडे एका शिंप्याचं दुकान होतं. दुपारची अजान झाली की शिंपी मशीनवरून उठायचा, चष्मा काढून ठेवायचा, आणि इकडून मिस्त्री हात धुवायला उठायचे. दोघं बरोबर मशिदीत जायचे. असं मी सुट्टीच्या दिवशी नेहमी पाहत होते आणि त्यात मला काही वेगळं दिसलं नव्हतं. मग शिंपी काही दिवस सासुरवाडीला गेला. त्या दिवसांत शाळेला सुट्टी होती, मी घरी होते. अजान झाली. मिस्त्री एका जीपखाली काम करत होते, करतच राहिले. मधूनच मान वळवून समोरच्या बंद दुकानाकडे पाहत. अजान संपून बराच वेळ झाल्यावर रस्त्यानं टोप्या घातलेली माणसं परत येताना दिसली, तेव्हा ते बाहेर आले आणि तसेच उभे राहिले.

मी विचारलं. त्यांनी आधी कामाचं निमित्त सांगितलं. मग म्हणाले, बारीक आवाज गेले आहेत. कुकरची शिट्टी, तुझ्या बांगड्या, पाखरं. जाड आवाज येतात अजून. इंजिन चालू असल्याचं कळतं, पण त्याच्या आतलं कळत नाही.

चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी एका बंद खोलीत त्यांना बसवून कानाला यंत्र लावलं, ऐकू आलं की बोट वर करायला सांगितलं. काचेतून मला ते दिसत होते. बराच वेळ बोट वर झालं नाही. ट्रकांच्या आणि गिरण्यांच्या आवाजात इतकी वर्षं गेली त्याचा हा परिणाम आहे, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपा, असं डॉक्टर म्हणाले. कानात घालायचं मशीन घेतलं. गॅरेजमध्ये ते घातलं की हातोडा, हॉर्न, पत्रा, सगळंच एकदम मोठं व्हायचं. काही दिवसांनी ते मशीन हत्यारांच्या पेटीत दिसलं, वॉशरच्या डबीजवळ.

डॉक्टरकडून परत येताना एसटीतच मी म्हणाले होते, लोकांना सांगून टाकावं. मिस्त्रींनी खिडकीबाहेर पाहत मला विचारलं, "समोरचा शिंपी आंधळा झाला तर तू त्याच्याकडे कपडे टाकशील का?"

त्यांना दुसरं काम येत नव्हतं आणि दुसरं काम करायचं नव्हतं. आलापल्लीला तेव्हा एक नवीन गॅरेज निघालं होतं. मिस्त्री बहिरा झाला असं एकदा पसरलं असतं, तर गाड्या आमच्या दारावरून तशाच पुढे गेल्या असत्या. माझ्या पगारात घर चाललं असतं. प्रश्न घर चालण्याचा नव्हता.

त्यानंतर त्यांनी ते लपवलं. ड्रायव्हरलाच जास्त विचारू लागले: कधी होते, चढावर होते का, पाणी टाकल्यावर होते का. लोकांना वाटलं, वयानं माणूस शांत झाला. पेचकसाची मूठ ते आता कानाऐवजी दातांत धरू लागले. दातांतून काही दिवस जाड ठोके कळले, मग तेही पुसट झाले. ही नवीन रीत पाहून आलापल्लीच्या मिस्त्रीनंही मूठ दातांत धरून पाहिली म्हणे, आणि गाडीनं झटका दिल्यावर त्याच्या दाताचा टवका उडाला. ही गोष्ट सांगताना मिस्त्री मनापासून हसत.

दोन हजार सालाच्या आसपास इकडे नव्या पेट्रोल गाड्या दिसू लागल्या. डॉक्टर, ठेकेदार, माझ्या शाळेतले एक सर. या गाड्यांत कार्बोरेटर नव्हता. पेट्रोल किती सोडायचं हे आत बसवलेला कॉम्प्युटर ठरवायचा. मिस्त्रींनी पहिल्यांदा असं बोनेट उघडलं तेव्हा ते नुसते वाकून पाहत राहिले. जिथे पेचकसानं थोडं फिरवून गाडी ताळ्यावर आणायची तिथे फिरवायला काही नव्हतं. मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा होता, तो मध्येच लागायचा, आणि मालक घाबरून गाडी घेऊन यायचे.

नागपूरला स्पेअर पार्ट आणायला गेले असताना मिस्त्रींनी काही झेरॉक्स पानं आणली. इंग्रजीत होती. शुक्रवारी दुपारनंतर गॅरेज बंद असायचं, तेव्हा शाळेतून आल्यावर मी ती वाचून सांगायला बसले. मी कथा-कादंबऱ्या वाचणारी बाई. ती भाषा मला आधी रूक्ष वाटली, मग हळूहळू आवडू लागली. तिच्यात एकही शब्द उगीच नव्हता.

त्यात असं होतं. इंजिनावर ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. पाणी किती गरम आहे, हवा किती येते, एक्सिलेटर किती दाबला आहे, हे ते कॉम्प्युटरला कळवतात. एखाद्याकडून वेडीवाकडी खबर आली की कॉम्प्युटर ती लक्षात ठेवतो आणि पिवळा दिवा लावतो. डॅशबोर्डखाली एक छोटी खोबण असते. तिथल्या दोन पिना वायरीच्या तुकड्यानं जोडायच्या आणि इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवायची. मग तोच दिवा मिचकू लागतो. आधी दशक, थोडं थांबून एकक. एकदा मिचकला, थांबला, मग चारदा मिचकला, की चौदा: पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर. दोनदा आणि मग एकदा, की एकवीस: एक्सिलेटरच्या झडपेजवळचा. एकदा आणि मग दोनदा, म्हणजे बारा, की दोष नाही. एका ठिकाणी असंही लिहिलं होतं की आकडा आला म्हणून तो भाग बदलू नये, त्या भागाकडे जाणारी वायर आधी तपासावी.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणजे माझ्या तोंडाकडे पाहत समजून घेतलं. मग विचारलं, "याच्यात कानाचं काम कुठेच नाही?"

मी पानं पुन्हा चाळली. म्हटलं, नाही.

ते म्हणाले, पहिल्यापासून पुन्हा वाच.

पहिली गाडी आली ती शाळेतल्या सरांची. पिवळा दिवा लागतो आणि मध्येच गाडी झटके मारते, अशी तक्रार. मिस्त्रींनी बोनेट उघडलं, बॅटरीची वायर काढली, सगळं पाहिलं, पुसलं, वायर परत लावली, पिना जोडल्या आणि किल्ली फिरवली. दिवा मिचकला: एक, मग दोन. बारा. दोष नाही. गाडी सुरू केली तर पिवळा दिवाही गेलेला. सर खूश होऊन गेले आणि त्याच आठवड्यात परत आले. दिवा पुन्हा लागला होता.

त्यानंतर आलेल्या प्रत्येक नव्या गाडीचं हेच झालं. दिवा लागलेली गाडी यायची, मिस्त्रींच्या हातात आली की दिवा जायचा, आकडा बाराच यायचा, आणि दहा-वीस मैल गेल्यावर पुन्हा तेच. सुरुवातीला लोक म्हणाले, मिस्त्रीच्या हाताले जादू हाय. मग म्हणायचे बंद झाले. मिस्त्रींनी एकदा मला जपून विचारलं, बाराचा दुसरा काही अर्थ होतो का. मी शाळेतून शब्दकोश आणून ती ओळ शब्दशब्द पाहिली. दुसरा अर्थ होत नव्हता. ते म्हणाले, हा दिवा खोटं बोलतो. इतक्या वर्षांत इंजिन त्यांच्याशी कधी खोटं बोललं नव्हतं.

अशाच एका गाडीचा मालक मुलचेऱ्याकडचा होता. तिकडे बंगाली लोकांची गावं आहेत, त्यांतल्या एका गावात त्याचा मासळीचा धंदा होता. त्यानं जुनी पांढरी कार घेतली होती आणि तिच्या डिक्कीत बर्फाच्या पेट्या ठेवून तो बाजार करायचा. त्याची मराठी बाजारातच शिकलेली, ल आणि न वाटेल तिथे टाकायचा, पण बोलणं थांबायचं नाही. खड्ड्यांतून गेलं की गाडी काळा धूर सोडते, पेट्रोल पिते, आणि गरम असताना एकदा बंद पडली की सुरू होत नाही, असं त्याचं म्हणणं. तो दोनदा येऊन गेला. दोनदा वायर निघाली, दोनदा बारा आला, दोनदा दिवा गेला.

तिसऱ्यांदा तो आठवडी बाजाराच्या दिवशी आला. शनिवार होता, सकाळची शाळा आटोपून मी घरी आले होते. त्याच्या पेट्यांतला बर्फ वितळत होता आणि पाणी डिक्कीतून रस्त्यावर गळत होतं. मिस्त्रींनी बोनेट उघडलं आणि बॅटरीच्या नटाला पाना लावला. पाना फिरला, नट फिरला नाही. बॅटरीच्या टोकावर पांढरा-हिरवा थर चढला होता आणि पुन्हा पुन्हा उघडून नटाचे कोन झिजले होते. त्यांनी माझ्याकडून गरम पाणी मागवलं, थर धुऊन काढला, पक्कडीनं धरून पाहिलं. नट हलेना. आता तो कापावाच लागणार होता, आणि त्याला वेळ लागणार होता.

मासळीवाल्याला वेळ नव्हता. तो गाडीत बसला, त्यानंच इंजिन सुरू केलं आणि बाहेर येऊन म्हणाला, ऐका मिस्त्री. तुम्ही ऐकून सांगता म्हणून लोक इतक्या दुरून येतात. दोन वेळा आलो, तुम्ही एकदाही ऐकलं नाही. आज ऐका.

शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं जवळ आली होती. मिस्त्री त्याच्या तोंडाकडे पाहत होते, पण इंजिनाच्या आवाजात तो वळून वळून बोलत होता, त्यामुळे त्यांना सगळं कळलं नसावं. त्यांनी पेचकस उचलला. मूठ दातांपर्यंत नेली. मी मागच्या दारात उभी होते. तेवढ्यात मासळीवाला म्हणाला, आणि हे त्यांच्या अगदी समोर येऊन म्हणाला, "आलापल्लीचा मिस्त्री सांगून राह्यला, अहेरीचा मिस्त्री बहिरा हाय. खरं हाय का?"

त्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. टपरीवरचे लोक मात्र जमिनीकडे पाहू लागले. म्हणजे त्यांनाही हे कुठून तरी कळलेलं होतं.

मिस्त्रींनी पेचकस पेटीवर ठेवला. खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"बराबर सांगतलं त्यानं," ते म्हणाले. "मले ऐकू येत नाई. डोये हायेत अजून."

मग ते चालकाच्या जागेवर बसले. खाली वाकून दोन पिना जोडल्या आणि किल्ली अर्धी फिरवली. नट निघत नव्हता म्हणून वायर तशीच होती. आधी वायर काढल्याशिवाय त्यांनी आजवर कोणत्याच गाडीला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला तो, मला वाटतं, बसल्यावर काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

दिवा मिचकला. एक. थांबला. मग एक, दोन, तीन, चार. मासळीवाल्यानं खिडकीतून डोकं आत घातलं होतं, तो मोठ्यानं मोजू लागला. दुसऱ्या फेरीला टपरीवरचेही मोजू लागले. कोणीतरी म्हणालं, "शाळा भरली इथी, बाई तुमची." मिस्त्रींनी हात बाहेर काढून मला आधी एक बोट दाखवलं, मग चार.

मी म्हटलं, चौदा. पाण्याचा सेन्सर.

पुढचं काम फार वेळाचं नव्हतं. मिस्त्रींनी सेन्सरला हात लावला नाही. त्याच्याकडे जाणारी वायर बोटांनी चाचपत गेले आणि इंजिनाच्या मागच्या वळणावर थांबले, पूर्वी पेचकस थांबायचा तसे. वायरीचं आवरण कुरतडलेलं होतं, आतले दोन-तीन तांब्याचे केस तेवढे शिल्लक होते, तेही मध्ये तुटलेले. मासळीच्या वासानं उंदीर बोनेटमध्ये शिरत होते. सरळ रस्त्यावर ते केस एकमेकांना टेकून असायचे. खड्डा आला की सुटायचे, आणि कॉम्प्युटरला वाटायचं इंजिन थंडगार आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवायचा. मिस्त्रींनी मासळीवाल्याला हे समजावलं ते असं: "थंडी वाजून राह्यली म्हणून त्याले वाटते, म्हणून ते प्यून राह्यलं." त्याला पटलं. वायर कापून जोडली, डाग दिला, टेप गुंडाळली. तो बाजाराला पोचला.

लोक गेल्यावर मिस्त्री बराच वेळ पेटीवर बसून होते. बहिरेपण उघड झाल्याचा विचार करत असतील असं समजून मी चहा नेऊन दिला. ते विचार दुसराच करत होते. सरांची गाडी दोन दिवसांनी आली तेव्हा सरांनी नेहमीप्रमाणे बोनेट उघडून वायरीला हात घातला, आणि मिस्त्रींनी जागेवरूनच त्यांना थांबवलं. वायर तशीच ठेवून पिना जोडल्या. आकडा आला तेरा, धुराच्या नळीतल्या सेन्सरचा. मग त्यांनी वायर काढली, थोडं थांबले, परत लावली, पुन्हा पिना जोडल्या. आता बारा.

त्यांनी मला हातानं बोलावलं आणि दोन्ही वेळचं सांगितलं. वायर काढली की कॉम्प्युटर सगळं विसरतो. रस्त्यात काय झालं होतं ते त्याला सांगता येत नाही, कारण आपण विचारायच्या आधीच त्याच्या डोक्यातलं पुसून टाकतो. आणलेल्या पानांत हे कुठे नव्हतं, मी पुन्हा पाहिलं. सर म्हणाले, मग इतके दिवस आम्ही काय करत होतो?

"तालुक्याले मीच शिकवलं," मिस्त्री म्हणाले आणि हसू लागले. हसता हसता त्यांना पेटीचा आधार घ्यावा लागला.

शिकवलेलं विसरायला लावणं जास्त अवघड गेलं. ड्रायव्हर येताच वायर काढून उभे राहायचे आणि मिस्त्री दोन्ही हात हलवत गॅरेजमधून धावायचे. शेवटी नंबरप्लेट रंगवणाऱ्या पेंटरला बोलावून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: नवीन गाडीची बॅटरी वायर काढू नये. जागा उरली होती म्हणून खाली आकडेही लिहवून घेतले, बारा, तेरा, चौदा, एकवीस असे, प्रत्येकापुढे त्या भागाचं नाव. पेंटरला नावं लिहायला दुसऱ्या दिवशी यायचं होतं, तोपर्यंत नुसते आकडेच होते. त्या संध्याकाळी बाजाराहून परतणारी दोन माणसं भिंतीसमोर थांबली. त्यांतल्या एकानं मिस्त्रींना खूण करून बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, भाऊ, यातला आजचा कोणता? मटक्याचे आकडे वाटले होते त्याला. मिस्त्रींना त्याचं बोलणं कळलं नाही, त्यांनी चौदावर बोट ठेवलं. तो लागला की नाही ते आम्हाला कळलं नाही. पण बीटचा हवालदार मात्र भिंत पाहून गेला.

मिस्त्री बहिरा आहे हे आता सगळ्यांना उघड माहीत होतं. काही गाड्या गेल्या. जुन्या डिझेल जीपवाल्यांपैकी बरेचसे आलापल्लीला जाऊ लागले, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्या इंजिनांना दिवा नव्हता. त्या पावसाळ्यात मिस्त्री बरेच दिवस पेटीवर नुसते बसून असायचे, हत्यारं पुसत. मी शाळेतून येताना दुरूनच छपराखाली गाडी आहे का पाहायचे. मग हळूहळू पेट्रोल गाड्या वाढल्या, तसं काम परत आलं. चामोर्शीकडून येत, सिरोंच्याकडून येत. हॉर्न वाजवून उपयोग नाही हे लोकांच्या ध्यानात आलं, तेव्हा ते गॅरेजसमोर थांबून हेडलाइट लावायचे आणि विझवायचे. भर दुपारी रस्त्यावर उभी गाडी दिवे मिचकवते आहे, हे नवख्या माणसाला विचित्र दिसे. आम्हाला सवय झाली. मीही पडवीतल्या बटणानं गॅरेजमधला बल्ब लावून विझवून त्यांना जेवायला बोलवायचे. गॅरेज अखेरपर्यंत चाललं.

ते गेले ते तापानं, पावसाळ्यानंतर. इकडे असा ताप दरवर्षी येतो. आजार थोड्या दिवसांचा होता, त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. भेटायला आलेले लोक माझ्याशी मोठ्यानं बोलत होते. त्यांना या घरात मोठ्यानं बोलायची सवय होती. बोलून झाल्यावर लक्षात यायचं आणि ते आवाज खाली आणायचे.

इद्दतीचे, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरातच काढायचे, दिवस होते, मी घराबाहेर पडत नव्हते. एका दुपारी पडवीत पुस्तक घेऊन बसले असताना दाराच्या फटीतून भिंतीवर उजेड आला आणि गेला. पुन्हा आला. गॅरेजसमोर पांढरी गाडी उभी होती. हॉर्न वाजला नाही. उजेड येत राहिला, जात राहिला. मी दारामागे उभी राहिले. समोरून शिंपी उठला, चष्मा काढून ठेवला आणि रस्ता ओलांडून आला. त्यानं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. दिवे बंद झाले.

थोड्या वेळानं दाराबाहेर मासळीवाल्याचा आवाज आला. बाई, मले माहीत नव्हतं, तो म्हणाला. तिकडे कोणी सांगतलं नाई. मग चपला वाजल्या. मला वाटलं गेला असेल. पण तो तिथेच होता. म्हणाला, दिवा लागला होता म्हणून आलो. आणि मग, "वायर नाई काढली मी."

मी दारामागून सांगितलं, खांबावर खिळ्याला वायरीचा तुकडा अडकवलेला असेल, तो घ्या. पिना कुठे आहेत ते त्याला माहीत होतं. गाडीचं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग किल्लीचा आवाज. तो मोठ्यानं मोजू लागला. दोन. थांबला. एक. मी त्याला आणखी एकदा मोजायला सांगितलं. तेच आलं.

एकवीस, मी म्हटलं. एक्सिलेटरच्या झडपेजवळचा सेन्सर. आलापल्लीच्या मिस्त्रीला सांगा, एकवीस आला आहे. सेन्सर लगेच बदलू देऊ नका, आधी त्याची वायर पाहायला सांगा. आणि तिथे पोचेपर्यंत बॅटरीला हात लावू नका.

तो म्हणाला, नाई लावत. मग गाडी सुरू झाली. सुरुवातीला जरा अडखळली, नंतर नीट चालली. वळणापर्यंत मला ऐकू येत होती.

तुकडा त्यानं पेटीवर ठेवला होता. शिंप्यानं तो उचलून पुन्हा खिळ्याला अडकवला.